नैसर्गिक वायू : सफाई आणि द्रवीकरण
(सभासदांसाठी अभ्यासलेख)



प्रेसमडपासून वायू काढायचा, तो साफ करून विकायचा, अशी बोलणी आता गावोगाव चालतात. त्यात एलपीजी, सीएनजी, एलएनजी, सीबीजी ही नावे अशी काही मिसळतात की शेवटी "सगळा गॅसच की!" म्हणून आपण मोकळे होतो. पण या चारांत फरक आहे आणि तो फरक पैशाचा आहे. उद्या सर्वसाधारण सभेत असा विषय आला तर हात वर करण्याआधी तो समजलेला बरा. म्हणून या वेळी थोडे मुळातून पाहू.

घरातला भरलेला सिलिंडर हलवला की आत काहीतरी हिंदकळते. तो द्रव असतो. एलपीजी म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि ब्युटेन. हे दोन्ही वायू आपल्याकडच्या मे महिन्यातसुद्धा नुसत्या दाबाने द्रव होतात. सीएनजी रिक्षाच्या टाकीत मात्र दोनशे बार म्हणजे हवेच्या दोनशे पट दाब असतो, तरी द्रवाचा थेंब नसतो. कारण तिथे मिथेन आहे. मिथेन उणे ८२ अंशांच्या वर असेल तर कितीही दाबा, तो द्रव होत नाही. हवेच्या साध्या दाबाला त्याला द्रव ठेवायचा तर उणे १६२ अंशांपर्यंत थंड करावा लागतो. पॅनमध्ये निर्वात केला की रस कमी उष्णतेला उकळतो, हे आपल्या पॅनवरच्या माणसांना सांगावे लागत नाही. दाब आणि उकळणे यांचे तेच नाते इथेही आहे. फक्त त्याला ही एक हद्द आहे.

मग एवढी थंडी करायची कशाला? तर द्रव झालेला मिथेन वायूपेक्षा सुमारे सहाशे पट कमी जागा घेतो. कतारहून गुजरातेतल्या दहेजला २००४ पासून वायू येतो तो असाच, थर्मासासारख्या टाक्या असलेल्या जहाजांतून. यालाच एलएनजी म्हणायचे. एवढ्या दूर समुद्रातून नळ टाकण्यापेक्षा ते परवडते.

आता सफाई. आमच्या मते सगळी गोम इथेच आहे.

उसाचा रस जसा मोळीतून साखर होऊन निघत नाही, तसाच जमिनीतून येणारा वायूही तयार माल नसतो. त्यात पाण्याची वाफ असते, कार्बन डायऑक्साइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो, जड वायू असतात आणि कुठेकुठे पाराही असतो. वायू जाळायचाच असेल तर थोडी घाण चालून जाते. द्रव करायचा असेल तर मुळीच चालत नाही. मिथेन उणे १६२ ला द्रव होणार, पण कार्बन डायऑक्साइड त्याच्या कितीतरी आधी गोठून बर्फ होतो आणि थंड करणाऱ्या यंत्राच्या बारीक वाटा बुजवतो. पाणी तर त्याहून आधी. म्हणून द्रवीकरणाआधी कार्बन डायऑक्साइड ५० पीपीएमच्या खाली आणतात. ५० पीपीएम म्हणजे एक टन उसात ५० ग्रॅम. पाणी एका पीपीएमच्याही खाली. पाऱ्याचे कारण वेगळे. तो ॲल्युमिनियम खातो आणि थंड करणारी यंत्रे ॲल्युमिनियमची असतात. अल्जीरियातल्या स्किक्दा येथे १९७३ साली याच कारणाने यंत्रे फुटली, तेव्हा जगाला हे कळले.

आपल्या राज्याजवळचे उदाहरण बॉम्बे हायचे. फेब्रुवारी १९७४ मध्ये तिथे तेल लागले, १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले. तेलाबरोबर येणारा वायू पुढे समुद्रतळाच्या नळाने उरणला आला. तिथे त्यातून एलपीजी वेगळा काढतात. राहिलेल्या वायूपासून अलिबागजवळच्या थळला आरसीएफच्या कारखान्यात युरिया होतो. उसाला टाकलेल्या युरियाच्या गोणीत समुद्राखालचा मिथेन आहे, असे म्हटले तर ते खोटे नाही. बॉम्बे हायच्या जवळच्या दक्षिण बसीन क्षेत्रातला वायू मात्र आंबट, म्हणजे सल्फाइडयुक्त. तो सुरतेजवळ हजिऱ्याला नेऊन गोडा करतात. आंबट-गोडा हे शब्द आमचे नव्हेत, त्या धंद्यातलेच आहेत.

गोडा करण्याची रीत सोपी आहे. एका उंच मनोऱ्यात वरून अमाइन नावाच्या रसायनाचे पाणी सोडतात, खालून वायू. थंड अमाइन कार्बन डायऑक्साइड व सल्फाइड धरते आणि साफ मिथेन वरून निघून जातो. मग ते भरलेले अमाइन दुसऱ्या मनोऱ्यात वाफेने तापवतात. ते धरलेले वायू सोडून देते आणि पुन्हा पहिल्या मनोऱ्यात जाते. थंडीत धरायचे, उष्णतेत सोडायचे, एवढाच खेळ. मोठ्या प्रकल्पांत सोडलेल्या सल्फाइडपासून पिवळे गंधक तयार करून विकतात. आपण गंधक जाळून त्याचा धूर रसात घालतो, ते लोक वायूतून गंधक बाहेर काढतात!

वायू वाळवायला जे वापरतात ते तर आपल्या ओळखीचे आहे. ज्या कारखान्यांत इथेनॉल होते तिथे शेवटचे पाणी काढायला झिओलाइटच्या गोळ्यांनी भरलेली आण्विक चाळणी असते. गोळ्यांची छिद्रे इतकी बारीक की पाण्याचा कण आत शिरतो, अल्कोहोलचा शिरत नाही. त्याच जातीच्या गोळ्या वायूतले पाणी धरतात. झिओलाइटचे प्रकार अनेक. शेजारच्या चोराखळीच्या धाराशिव साखर कारखान्यात मे २०२१ मध्ये, करोनाच्या ऐन लाटेत, झिओलाइटनेच हवेतला नायट्रोजन अडवून रुग्णांसाठी ऑक्सिजन काढला. वायूची सफाई साखर कारखान्याला परकी नाही, हे सांगायला याहून जवळचा दाखला आम्हाला मिळाला नाही.

साफ झालेला वायू थंड करायच्या मुख्य रीती तीन. पहिली पायरीपायरीची. प्रोपेनने थोडे थंड करायचे, मग इथिलीनने आणखी, शेवटी मिथेनने. आपल्या इव्हॅपोरेटरच्या मालिकेत एका बॉडीची वाफ पुढच्या बॉडीला तापवते; इथे एका वायूची थंडी पुढच्या वायूला थंड करते. अल्जीरियात आर्झ्यू येथे १९६४ साली याच रीतीवर मोठा व्यापारी प्रकल्प सुरू झाला. दुसरीत अनेक वायूंचे एकच मिश्रण फिरवतात. तिसरीत वायू दाबून, थंड करून टर्बाइनमधून एकदम फैलावू देतात; फैलावताना तो टर्बाइन फिरवतो आणि स्वतः गार पडतो. लहान प्रकल्पांना ही शेवटची बरी पडते, पण वीज जास्त खाते. मोठ्या प्रकल्पातही सुमारे दहाव्या हिश्श्याइतका वायू या थंडीपायीच खर्ची पडतो.

शिवाय साठवण. अमेरिकेत क्लीव्हलँडला २० ऑक्टोबर १९४४ रोजी अशी टाकी फुटून सुमारे १३० माणसे गेली. टाकीच्या पोलादात निकेल कमी होते आणि इतक्या थंडीत ते काचेसारखे ठिसूळ झाले. आता ९ टक्के निकेलचे पोलाद वापरतात. ते स्वस्त नसते. आपल्या राज्यात दाभोळला एन्रॉनच्या काळात आखलेले एलएनजीचे ठाणे कितीतरी भानगडींनंतर २०१३ साली चालू झाले. पण लाटा अडवणारा बांध अपुरा राहिल्याने पुढेही अनेक वर्षे तिथे पावसाळ्यात जहाज लागत नव्हते.

आता आपल्या घरचा हिशेब मांडू. दिवसाला २,५०० टन गाळप धरा. प्रेसमड उसाच्या सुमारे चार टक्के, म्हणजे १०० टन. साधारण २५ टन प्रेसमडपासून एक टन साफ वायू मिळतो, म्हणजे दिवसाला चार टन. देशातले पहिले छोटे द्रवीकरण यंत्र 'गेल'ने मध्य प्रदेशात विजयपूरला मार्च २०२४ मध्ये सुरू केले, त्याची ताकद ३६ टनांची आहे. ज्याला तिथे 'छोटे' म्हणतात ते आपल्या नऊपट! चार टनांसाठी उणे १६२ अंशांची यंत्रे बसवणे म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. आमचे मत स्पष्ट आहे. आपल्या आकाराच्या कारखान्याने द्रवीकरणाच्या नादी लागू नये. वायू साफ करून, दाबून विकावा. यालाच सीबीजी म्हणतात. केंद्र सरकारने १ ऑक्टोबर २०१८ ला सुरू केलेली 'सतत' योजना त्याच्या विक्रीसाठीच आहे.

त्याला सफाई लागतेच, पण बेताची. प्रेसमडच्या कच्च्या वायूत मिथेन साठ टक्क्यांच्या आसपास असतो. मानकाप्रमाणे तो निदान ९० टक्के हवा. राहिलेला बहुतेक कार्बन डायऑक्साइड. तो काढायची एक स्वस्त रीत म्हणजे दाबाखाली पाण्यात विरघळवणे, गोटी सोड्यासारखी. पण या रीतीत पाणी फार फिरवावे लागते. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेल्या जिल्ह्यात ही रीत निवडताना दहादा विचार हवा. चाळणीची किंवा पडद्याची कोरडी रीत महाग असली तरी इकडे तीच बरी, असे आम्हाला वाटते.

सल्फाइडचे प्रकरण मात्र हलके घेऊ नये. रसात आपण घातलेल्या गंधकाचा मोठा भाग चुन्याशी मिळून प्रेसमडमध्येच उतरतो आणि पाचक टाकीत जंतू त्याचा हायड्रोजन सल्फाइड करतात. म्हणजे आपलेच गंधक विष होऊन परत येते. ते पाण्याबरोबर नळ व इंजिन खाते. ते काढायला लोखंडाच्या ऑक्साइडच्या गोळ्या वापरतात. वापरलेल्या गोळ्या उघड्या हवेत टाकल्या की तापून पेट घेऊ शकतात. आणि माणसाला धोका तर फारच. थोडा असताना सडका वास येतो, शंभर पीपीएमच्या पुढे नाकच बधिर होते आणि वास गेल्यासारखा वाटतो. वास गेला म्हणून टाकीत उतरलेला माणूस जातो, आणि त्याला काढायला उडी मारणारा दुसराही जातो. वायूमापक, बाहेरून हवा देणारा मुखवटा आणि वर दोर धरणारा गडी यांच्याशिवाय कोणालाही टाकीत उतरवायचे नाही, मग काम पाच मिनिटांचे का असेना.

राहिला सभासदाच्या ट्रॉलीचा प्रश्न. आजवर प्रेसमड शेतात जात आला. तो टाकीत गेला तर रानाला काय? वायूत जातो तो मुख्यतः कार्बन. नत्र, स्फुरद, पालाश बहुतांशी मागे उरलेल्या गाळात राहतात. तेव्हा खत बुडत नाही, पण बदलते. गाळ ओला असतो, ट्रॉलीत निम्म्याहून अधिक पाणी जाऊ शकते, आणि जमिनीला लागणारा सेंद्रिय भाग आधीपेक्षा कमी भरतो. म्हणून प्रकल्पाचा ठराव पुढे आला तर वाहतूक कोणाकडे, गाळ किती कोरडा करून देणार, आणि दर ओल्या वजनावर की कोरड्या, हे तिन्ही मुद्दे ठरावात लिहून घ्यावेत. दुष्काळी सालाचेही विचारावे. उसाअभावी गाळप बंद राहिले तर टाकीत काय घालणार आणि कर्जाचा हप्ता कशातून देणार, याचे उत्तर प्रकल्प अहवालात आकड्यांनिशी हवे.