पिल्लाला आधी लपू दे

अगं, बॉल पायथनचं पिल्लू दोन दिवस वेटोळं करून, डोकं मधोमध खुपसून बसलंय म्हणून एवढी घाबरीघुबरी होऊ नकोस. ते आजारी नाही, बिचकलंय. हा अजगर पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. तिथे तो दिवसभर उंदरांच्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो आणि अंधार पडला की बाहेर निघतो. आणि तू त्याला हॉलमध्ये, चारी बाजूंनी दिसेल अशा भल्यामोठ्या काचेच्या पेटीत ठेवलंस. कुठं लपावं गं त्यानं?

पेटीचं बोलूच, पण आधी एक विचारते, रागावू नकोस. कागद आहेत ना? आपल्याकडचा कुठलाही साप, मग तो स्क्रॅपच्या ढिगात सापडलेलं धामणीचं पिल्लू का असेना, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे घरी पाळता येत नाही. तसा कधी दिसला तर वन विभागाला १९२६ वर फोन करायचा आणि लांब उभं राहायचं. बॉल पायथन परदेशी, पण २०२२ च्या दुरुस्तीनंतर त्याचीही नोंदणी सक्तीची झाली आणि २०२४ मध्ये तिचे नियम आले. ती ‘परिवेश’ पोर्टलवर होते. विकणाऱ्याची पक्की पावती नसेल तर आजच त्याच्या मागे लाग. आज-उद्या करत बसू नकोस.

आता पेटी. खरं सांगू का, एवढ्याशा पिल्लाला दोन फूट लांबीचा, घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा खोका सध्या भरपूर झाला. तीन बाजूंनी बाहेरून जाड कागद चिकटव. आत लपायला दोन जागा कर, एक उबदार टोकाला, एक गार टोकाला. एकच केलीस तर ऊब हवी का आडोसा, यातलं एक त्याला निवडावं लागतं, आणि बिचकलेलं पिल्लू आडोसाच निवडतं. मग ऊब नाही, म्हणून खाल्लेलं पचत नाही. लपायची जागा ऐसपैस नको. वेटोळं घातल्यावर अंग कडांना टेकलं पाहिजे. श्रीखंडाचा रिकामा डबा पालथा घालून त्याला दार कापलंस तरी चालेल, फक्त कापलेली कड पॉलिश पेपरने घासून घे.

खाली अंथरायला पहिला महिना साधा वर्तमानपत्राचा कागद. विष्ठा लगेच दिसते, बदलायलाही सोपं. पुढे नर्सरीतलं कोकोपीट घाल. पण बघ, तुमच्या फाउंड्रीतली वाळू फुकट मिळते म्हणून आणू नकोस. साच्याच्या त्या काळ्या वाळूत बेंटोनाइट आणि कोळशाची भुकटी असते, ती नाकातोंडात जाते. पॅटर्न शॉपमधला भुसाही नको. तो कुठल्या लाकडाचा, कोण सांगणार? पाइन आणि सीडारच्या उग्र वासानं सापाला त्रास होतो.

उबेसाठी हीट मॅट खोक्याच्या बाहेरून, तळाच्या एक तृतीयांश भागाला लाव, आणि ती थर्मोस्टॅटशिवाय कधीच चालू करू नकोस. थर्मोस्टॅटचा सेन्सर मॅट आणि खोका यांच्या मध्ये नीट चिकटव. सुटला तर मॅट तापतच राहते आणि पिल्लाचं पोट भाजतं. उबदार टोकाला ३१-३२ अंश, गार टोकाला २६-२७. आत दोन्ही टोकांना थर्मामीटर ठेव, हाताने अंदाज घेऊ नकोस. थंडीच्या रात्रीइतकीच काळजी एप्रिलची कर. पत्र्याखालच्या खोलीत दुपारी खोका ठेवलास तर मॅट बंद असूनही आतला जीव शिजेल. खालच्या मजल्यावर, ऊन न येणाऱ्या भिंतीला ठेव. दमटपणा साठ टक्क्यांच्या आसपास बरा. जुलैत आपल्याकडे तो आपोआप असतो, तेव्हा वारा खेळेल एवढी भोकं हवीत, नाहीतर बुरशी धरते. भोकं मात्र बारीक. जिथून डोकं जातं तिथून सगळा साप जातो.

जागा निवडताना आणखी एक. सापाला बाहेरचे कान नसतात, पण जमिनीची थरथर जबड्याच्या हाडातून त्याच्या आतल्या कानापर्यंत पोचते. तुझी खोली कारखान्याला लागून, दिवसभर मोल्डिंग मशीन धडधडतंय. खोक्याखाली जाड रबर घाल आणि त्या बाजूची भिंत सोड.

झाकणाचं मी दहादा सांगेन. दोन्हीकडे क्लिप, वरून पट्टा. कारण तुमच्या कॉलनीत ते सुटलं तर कुणी ‘हे पाळलेलं आहे का’ विचारत बसणार नाही. अंगावरच्या ठिपक्यांमुळे लोक त्याला घोणस समजतील आणि ठेचतील. आणि याच्या उलट जे होतं, त्याची मला जास्त धास्ती. घोणसीचं पिल्लू अजगराचं समजून माणसं हातात घेतात आणि जिवावर बेततं. तुझा हात आता सापाला सरावेल, म्हणून स्क्रॅप यार्डात दिसलेल्या कुठल्याही ठिपकेवाल्या सापाकडे तो जाता कामा नये. चंदगडजवळच्या ढोलगरवाडीत बाबुराव टक्केकर सरांनी शाळेतल्या पोरांना साप ओळखायला शिकवलं, ते उगीच नाही. शेजारच्या वहिनींनाही पिल्लाबद्दल आधीच सांगून ठेव. लपवाछपवीनं भीती वाढते.

खाण्याचं म्हणशील तर आठवड्यातून एकदा, पिल्लाच्या सगळ्यात जाड भागाएवढा पाळीव पैदाशीचा उंदीर, मारलेला. जिवंत उंदीर उलटा चावतो. गोदामातला तर मुळीच नको, त्यानं विषाची गोळी खाल्लेली असू शकते. पुण्य म्हणून दूध ठेवणारं कुणी आलं तर गोड बोलून परत पाठव. प्यायला ताजं पाणी, जड भांड्यात.

आणि नाहीच खाल्लं तर? ही जात उपाशी राहण्यात पटाईत आहे. छोट्या डिजिटल काट्यावर दर आठवड्याला वजन कर आणि वहीत लिही. तो काटा स्वयंपाकघरात पुन्हा नेऊ नकोस, आणि खोक्याला हात लावलास की साबणाने धू, सापांच्या अंगावर साल्मोनेला असतो. वजन टिकून असेल तर तू निवांत जेव. घसरायला लागलं, किंवा तोंड उघडं टाकून श्वास घ्यायला लागलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेला पशुवैद्य गाठायचा. तो कोण आणि कुठे, हे आत्ताच शोधून ठेव. ऐन रात्री शोधाशोध नको.

तू मशीनच्या दहा-दहा सेटिंग सांभाळतेस, तुला हे जड नाही गं. आज खोका बदल, मॅट लाव आणि पिल्लू आत सोडायच्या आधी एक पूर्ण दिवस दोन्ही टोकांचं तापमान लिहून काढ. तेवढा वेळ जुन्या पेटीवर चादर टाक. नव्या खोक्यात सोडलंस की आठवडाभर पाणी बदलण्यापुरतंच झाकण उघडायचं. भाचरांना दाखवायचंय म्हणून बाहेर काढायचं नाही. पहिला उंदीर खाल्ला की मला फोन कर, त्यानंतर दोन दिवस मात्र हात लावू नकोस.