चित्रपटाची निवड : एक अभ्यास

चित्रपट पाहणे आणि चित्रपट निवडणे ह्या दोन निरनिराळ्या क्रिया होत. पाहणारा स्वतःच्या आवडीपुरता विचार करितो. निवडणाऱ्यास शेजाऱ्याचाही विचार करावा लागतो. ही दुसरी क्रिया तरुणांनी शिकण्याजोगी आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून तिचा थोडा विचार येथे करू.

चांगले चित्रपट मिळवून ते एकत्र पाहणाऱ्या व त्यांवर चर्चा करणाऱ्या संस्थेस फिल्म सोसायटी अथवा चित्रमंडळ म्हणतात. लंडन शहरी असे मंडळ १९२५ साली निघाले. आपल्या देशात १९४७ साली सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता व त्यांचे मित्र ह्यांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापिली. राय तेव्हा अवघे सव्वीस वर्षांचे होते. इतरांसाठी चित्रपट निवडणाऱ्या ह्याच तरुणाने पुढे १९५५ साली ‘पथेर पांचाली’ जगापुढे ठेविला. महाराष्ट्रात मुंबईचे प्रभात चित्र मंडळ १९६८ साली व पुण्याचा आशय फिल्म क्लब १९८५ साली सुरू झाला.

आता निवडीची रीत पाहू. पहिला नियम असा की, जो चित्रपट दुसऱ्यांस दाखवावयाचा तो आपण आधी आरंभापासून अखेरपर्यंत पाहावा. ऐकीव कीर्तीवर विसंबू नये. दुसरा नियम क्रमाचा. समजा, ‘शाळा’ हा विषय घेतला. नागराज मंजुळे ह्यांनी आपल्याच नगर शहरी शिकत असताना ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला व त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शाळेची ओढ असलेल्या गरीब मुलाची ती कथा आहे. ती आधी दाखवावी. मागाहून इराणचे अब्बास किआरोस्तामी ह्यांचा १९८७ सालचा, ‘मित्राचे घर कोठे आहे?’ अशा अर्थाच्या नावाचा चित्रपट ठेवावा. त्यात एक मुलगा चुकून आपल्याकडे आलेली सोबत्याची वही परत देण्यासाठी शेजारच्या गावी धावतो. एकास शाळेत जावयाचे आहे, दुसऱ्यास शाळेतील मित्रास शिक्षेपासून वाचवावयाचे आहे. दोन्ही एकापाठोपाठ पाहिल्याने जो विचार मनात उठतो, तो एकेकटा पाहून उठत नाही. तिसरा नियम असा की, प्रास्ताविक थोडक्यात करावे, शेवट सांगू नये, आणि चर्चेत जो सहसा बोलत नाही त्यास प्रथम बोलू द्यावे. शिवाय चित्रपटाच्या मालकाची परवानगी घेणे व जमाखर्च चोख ठेवणे हीही निवडणाराचीच कामे होत.

परंतु खरी कसोटी पुढेच आहे. मंजुळे ह्यांचाच ‘फँड्री’ (२०१३) घ्या. जातीमुळे होणारी अवहेलना त्यात उघड दाखविली आहे, आणि अखेरीस तो मुलगा दगड भिरकावितो तो जणू प्रेक्षकांवरच. असा चित्रपट आपल्या सुप्यात, सर्व आळ्यांची माणसे एकत्र बसली असता दाखवावा काय? कोणी म्हणेल, नको, उगाच मने दुखावतील. कोणी म्हणेल, दाखवाच, म्हणजे डोळे उघडतील. आमच्या मते दोघांनीही विचार अर्धवटच केला आहे. भीतीने गाळणे ही निवड नव्हे. आणि डिवचण्यासाठी दाखविणे हीही निवड नव्हे. ज्या मुलाच्या घरी ती अवहेलना भोगली गेली आहे, तो त्या रात्री कोणाशेजारी बसेल व दुसऱ्या दिवशी वर्गात त्याच्याशी कोण कसे बोलेल, ह्याचा विचार निवडणाऱ्याने आधी केला पाहिजे. त्यास अगोदर विचारावे, वडीलधाऱ्यांस बोलवावे, आणि चर्चा पुरी झाल्यावाचून दिवे मालवून घरी जाऊ नये. एवढी तयारी असेल तर अवश्य दाखवावा.

पूर्वी जत्रेत तंबूतला सिनेमा येई, आणि मालक दाखवील ते गाव पाही. आज तळहाताएवढ्या पडद्यावर चित्रांचा पूर लोटला आहे. तरी तेथेही बहुधा यंत्र पुढे करील तेच आपण पाहतो. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीमुळे दूरदूरची माणसे येथे राहावयास आली आहेत. त्यांच्याही भाषांतील चित्रपट आपणांस निवडता येतील.

विद्यार्थीहो, एक भिंत, एक पांढरी चादर, उसना प्रक्षेपक व पाचसहा सोबती एवढ्यावर आरंभ होऊ शकतो. पालकांस आमची विनंती इतकीच की, मुलांनी निवडलेला पहिला चित्रपट त्यांच्याशेजारी बसून पाहावा, आणि तो हाच का निवडला, हे त्यांस विचारावे.