वाचकांचे प्रश्न : लंडनची उन्हाळी शाळा आणि अठरा हप्ते

प्रश्न : देवबागला आमचं छोटं होमस्टे आहे, शिवाय पर्यटकांसाठी एक होडी. मुलगी मालवणात बारावी विज्ञानाला आहे. समुद्राशी संबंधित काही शिकावं, पुढे जमलं तर परदेशात जावं, असं तिच्या मनात आहे. एका संस्थेने येत्या जुलैमध्ये लंडनजवळच्या विद्यापीठात तीन आठवड्यांची उन्हाळी शाळा ठेवली आहे. खर्च ४ लाख ६० हजार. तिथल्या प्रमाणपत्राने पुढचे प्रवेश सोपे होतात असं त्यांचे प्रतिनिधी म्हणतात. ५० हजार भरून जागा राखली आहे. उरलेले बिनव्याजी १८ हप्त्यांत द्यायचे. त्यासाठी त्यांनी आधार-पॅन घेतलं आणि मोबाइलवर आलेला ओटीपी विचारला, तो मी सांगितला. मुंबईतल्या भावाची मुलगी गेल्या वर्षी जाऊन आली. हिला पाठवलं नाही तर आम्ही कमी पडलो असं होईल. ही सहल उपयोगाची आहे का? हप्ते घ्यावेत, एफडी मोडावी की घरचे दागिने गहाण ठेवावेत?
— एक पालक, देवबाग (ता. मालवण)

उत्तर : दागिने गहाण ठेवू नका. एफडी मोडू नका. हप्त्यांबद्दल मात्र सविस्तर लिहावं लागेल, कारण ते घ्यावेत का असं तुम्ही विचारता आहात आणि ओटीपीची ती ओळ वाचून मला वाटतं की ते घेऊन झाले आहेत.

आधी सहलीचं. राज्यातले कॅपचे, म्हणजे केंद्रीभूत प्रक्रियेचे, प्रवेश प्रवेशपरीक्षेच्या आणि बोर्डाच्या गुणांवर होतात. त्या अर्जात उन्हाळी शाळेच्या प्रमाणपत्राला रकाना नाही. परदेशी विद्यापीठंही आधी शाळेचे गुण आणि इंग्रजीची परीक्षा पाहतात. अमेरिकेत विद्यार्थ्याने सुट्टीत काय केलं याला थोडी किंमत असते, पण फी भरेल त्याला घेणाऱ्या कार्यक्रमाचं वजन फार नसतं. असे कित्येक कार्यक्रम विद्यापीठाचे नसतातच; सुट्टीत रिकाम्या झालेल्या खोल्या आणि वर्ग खाजगी कंपन्या भाड्याने घेतात. तुमच्या माहितीपत्रकात प्रमाणपत्रावर सही कोणाची असेल ते पाहा. विद्यापीठाची नसेल, तर ती लंडनची सहल आहे. सहल वाईट नाही, पण तिच्यासाठी पैसे सहलीच्या हिशेबातून काढायचे असतात.

दुसरी गोष्ट जुलै महिन्याची. इंग्लंडची सुट्टी हा आपल्याकडचा प्रवेशाचा हंगाम. मुलीला रत्नागिरीजवळच्या शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात जायचं असो की अभियांत्रिकीला, कागदपत्रं तपासणं, फेरीत मिळालेली जागा स्वीकारणं, मुदतीत महाविद्यालयात हजर होणं हे सगळं त्याच आठवड्यांत चालतं. जातीचा दाखला किंवा नॉन-क्रिमिलेअर अडकलं तर तहसील कार्यालयात फेऱ्या मारायला तुम्ही असाल, पण मुलगी देशाबाहेर आणि पोर्टलचा ओटीपी तिच्या बंद सिमवर, ही अवस्था कुठल्याही घरावर येऊ नये. बारावीच्या वर्षी हा प्रवास मी कोणालाच सुचवणार नाही.

आता हप्ते. ४ लाख १० हजार भागिले १८ म्हणजे महिन्याला सुमारे २२,८०० रुपये. संस्था स्वतः सहसा उधारी ठेवत नाही. तुमच्या आधार-पॅनवर आणि ओटीपीवर एखादी वित्तसंस्था कर्ज मंजूर करते, सगळी रक्कम सहलवाल्या संस्थेला मिळते आणि कर्जदार म्हणून नाव तुमचं लागतं. बिनव्याजी म्हणतात तेव्हा व्याज बहुधा किमतीतच मिसळलेलं असतं. रोख भरल्यास किती कमी कराल, एवढं विचारा. उत्तरातून ते बाहेर पडेल.

या जागी मी घरं अडचणीत आलेली पाहिली आहेत. व्हिसा नाकारला जातो. करारात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की व्हिसा न मिळाल्यास रक्कम परत नाही, किंवा मोठी कपात. सहल रद्द झाली म्हणून वडील हप्ता थांबवतात. पण कर्जाचा करार वित्तसंस्थेशी असतो, तिचा सहलीशी संबंध नसतो. हप्ता परत जातो, बँक त्याचा दंड लावते, वित्तसंस्था वेगळा लावते आणि सिबिलचा स्कोअर घसरतो. काही महिन्यांनी तीच मुलगी खऱ्या पदवीला लागते, शैक्षणिक कर्जासाठी बँकेत जाते. तिथे सहकर्जदार वडीलच असतात. व्यवस्थापक त्यांचा अहवाल उघडतो आणि फाइल मिटवतो. साडेसात लाखांपर्यंत तारणाशिवाय मिळू शकणारं, शिक्षण संपून वर्ष होईपर्यंत हप्ता न मागणारं, जुन्या करप्रणालीत व्याजावर कर-वजावट देणारं कर्ज तीन आठवड्यांच्या सहलीपायी जातं. नाकारलेला व्हिसाही तिच्या पुढच्या व्हिसा-अर्जांत नोंदवावा लागतो.

तुमच्या बाबतीत यात आणखी भर आहे. हप्ता दर महिन्याला येतो, तुमचं उत्पन्न येत नाही. मेअखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत होड्या आणि जलक्रीडा बंद. जून-जुलैत मासेमारीबंदीमुळे गावातही पैसा कमी फिरतो. फेब्रुवारीत हप्ते सुरू झाले तर अठरांपैकी पाच हप्ते दोन पावसाळ्यांत पडतात, म्हणजे १ लाख १४ हजार रुपये कमाई नसताना भरायचे.

म्हणून आता हे करा, याच क्रमाने.

१. त्या दिवशीचे एसएमएस आणि ईमेल शोधा. वित्तसंस्थेचं नाव, मंजुरीपत्र आणि कर्जाच्या अटींचं एकत्रित पत्रक मिळवा. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ते पत्रक देणं वित्तसंस्थेला बंधनकारक आहे. वार्षिक खर्चाचा खरा दर त्यातच लिहिलेला असतो.

२. काहीच सापडलं नाही तर सिबिलचा अहवाल काढा. वर्षातून एकदा तो फुकट मिळतो. कर्ज उचललं गेलं असेल तर नोंद तिथे दिसते. ताजं कर्ज दिसायला काही दिवस लागतात, म्हणून पुन्हा एकदा तपासा.

३. कर्ज दिसलं तर वित्तसंस्थेला त्याच दिवशी लेखी कळवा. डिजिटल कर्जातून माघार घ्यायला निदान एका दिवसाची मुदत द्यावीच लागते. त्या मुदतीत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन दंडाशिवाय बाहेर पडता येतं. रक्कम अजून दिली गेली नसेल तर देऊ नका असं लिहा. मुदत टळली असेल तर संस्थेकडून लेखी रद्दपत्र घ्या आणि रक्कम थेट वित्तसंस्थेला परत करायला सांगा.

४. हे मिटेपर्यंत हप्ता चुकवू नका. राग येईल, तरी भरा. बँकेत जाऊन नुसती ऑटो-डेबिटची परवानगी रद्द केल्याने कर्ज रद्द होत नाही.

५. संस्था टाळाटाळ करत असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. पुढे सिंधुदुर्गनगरीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. संस्थेचं कार्यालय मुंबईत असलं तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात दाद मागण्याचा हक्क २०१९ च्या कायद्याने दिला आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारशुल्क नाही, मुदत दोन वर्षांची. वित्तसंस्थेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल, तोही विनाशुल्क.

एक छोटी गोष्ट. परदेशी सहलीच्या पॅकेजवर पहिल्या रुपयापासून टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आगाऊ वसूल केलेला आयकर, घेतला जातो. विवरणपत्र भरून तो वळता होतो, पण आधी खिशातून जातो. ४ लाख ६० हजारांत तो धरला आहे का, विचारा.

मुलीला परदेश दाखवायचाच असेल तर पदवीचं दुसरं-तिसरं वर्ष येऊ द्या. तेव्हा खर्च दुसरा कोणी करतो. कॅनडाची मिटॅक्स ग्लोबलिंक बारा आठवड्यांच्या संशोधनासाठी भारतीय विद्यार्थ्यांना बोलावते, जर्मनीची डाड संस्था उन्हाळी अभ्यासक्रमांना अनुदान देते. देशातच भारतीय विज्ञान अकादमींची उन्हाळी शिष्यवृत्ती दोन महिने विद्यावेतन देऊन प्रयोगशाळेत काम देते. समुद्राचं शास्त्र शिकायचं तर दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था मालवणहून काही तासांवर आहे. या निवडींत स्पर्धा असते, म्हणूनच त्या अर्जात लिहिल्या की वाचणारा थांबतो.

कमी पडण्याबद्दल. दहावी-बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षं राज्यात पुढे असतं. तुमची मुलगी मागे पडलेल्या गटातली नाही. भावाच्या घरात कदाचित दरमहा पगार येत असेल, तुमची कमाई हंगामी. दोघांनी एकच खर्च करावा असं कोणी ठरवलेलं नाही. तिला तुमच्याकडून पदवीच्या पहिल्या दिवशी फी तयार असणं हवं आहे, आणि बँकेत चालेल अशी तुमची सही.

सहलीचा निर्णय पुढच्या आठवड्यातही घेता येईल. कर्जातून बाहेर पडण्याची मुदत मात्र दिवसांत मोजतात, म्हणून तो एसएमएस आजच शोधा.