ऑनलाइन लिलावात जुना कॅमेरा घेताय? बोली लावण्याआधी ही तीन कामं करा

फोटोग्राफीच्या व्यवसायात भांडवलाचा मोठा हिस्सा कॅमेऱ्यात जातो. तो बुडाला तर व्यवसाय सुरू होण्याआधीच अडकतो. म्हणून नीट लक्ष द्या.

१. शटर काउंट बघा. जुनी गाडी घेताना रनिंग बघतो ना, तसंच हे. उदाहरणार्थ, निकॉन डी७५० चं शटर कंपनीने १,५०,००० क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. निकॉनच्या मूळ जेपीईजी फाइलमध्ये हा आकडा नोंदलेला असतो. विक्रेत्याकडून आजच काढलेला फोटो ईमेलवर मागवा. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा फोटो म्हणून पाठवला की ही नोंद निघून जाते.

२. कमाल बोली आधीच कागदावर लिहा. त्यात कुरिअर, नवी बॅटरी आणि माल परदेशातून येणार असेल तर कस्टम ड्युटीही धरा. शेवटच्या मिनिटाला चढाओढ लागली तरी त्या आकड्याच्या पुढे जायचं नाही.

३. पैसे साइटवरच भरा. "बाहेरून व्यवहार करू, स्वस्तात देतो," असं कोणी म्हटलं की विषय तिथेच संपवा. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा. तक्रार करताना तोच पुरावा.

फसवणूक झालीच, तर वेळ न घालवता १९३० वर फोन करा.

आजचा गृहपाठ: तुमची कमाल बोली ठरवा आणि लिहून ठेवा.