३.५ भाषाविकासातील विलंब : ओळख आणि साहाय्य

मूल भाषा कशी आत्मसात करते, हे आपण मागील उपघटकात पाहिले. एखाद्या मुलाच्या बाबतीत हा क्रम लांबला, की घरात बहुधा एकच वाक्य ऐकू येते : ‘याचे बाबाही उशिराच बोलले.’ ते खरेही असेल. परंतु तेवढ्यावर विसंबून वर्ष-दीड वर्ष वाट पाहणे मुलाला महागात पडू शकते.

प्रथम एक भेद ध्यानात घ्यावा. अडीच वर्षांचे मूल ‘केलं’ऐवजी ‘करलं’ म्हणते, तेव्हा तो विलंब नव्हे. घरातील मोठ्यांकडून ऐकलेले हे रूप नाही. मुलाने नियम स्वतः शोधून तो अपवादालाही लावला आहे. ‘र’च्या जागी ‘ल’ येणे हेही त्या वयात स्वाभाविक असते. चिंतेची लक्षणे निराळी आहेत. १ वर्षाचे मूल हाक मारल्यावर वळत नाही, बोटाने काही दाखवत नाही. १६ महिन्यांपर्यंत एकही अर्थपूर्ण शब्द येत नाही. २ वर्षांनंतरही ‘दूध नको’ अशी स्वतःची जुळणी होत नाही. आलेले शब्द हरवू लागले, तर वय कोणतेही असो, थांबू नये.

‘त्याला सगळे समजते, फक्त बोलत नाही’ हे विधानही पारखून घ्यावे. ‘चेंडू आण’ म्हणताना आपण नकळत चेंडूकडे पाहतो. मूल शब्दाऐवजी आपली नजर वाचत असते. म्हणून हात स्थिर ठेवून, मुलाकडेच पाहत सूचना द्यावी. कर्णबधिर अर्भकही पहिल्या काही महिन्यांत हुंकार देते, त्यामुळे कुटुंबाची फसगत होते. श्रवणतपासणी सर्वांत आधी हवी.

२०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अपेक्षित आहे. गरजेनुसार मुलाला जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवले जाते. आपल्यापैकी काही जण अंगणवाडीतच काम करत असतील. त्यांना हे सांगायला नको.

घरी काय करावे? ‘म्हण, म्हण’ असा तगादा लावू नये. मूल ज्या वस्तूकडे पाहते, तिच्याविषयी बोलावे. ते ‘भूभू’ म्हणाले, तर ‘हो, भूभू पळाला’ असे वाक्य पुरे करून द्यावे आणि उत्तरासाठी थोडे थांबावे. मराठी सोडून केवळ इंग्रजीत बोलण्याचा सल्ला पालकांना दिला जातो, हे मी अनेकदा ऐकले आहे. तो सल्ला मला घातक वाटतो. दोन भाषांमुळे विलंब उद्भवत नाही. उलट, अर्धवट येणाऱ्या भाषेत आईचे बोलणे ‘सिट’, ‘कम’, ‘ईट’ एवढ्यावर येते आणि ज्या मुलाला अधिक भाषा हवी, त्याच्याच वाट्याला कमी येते.

कृती : परिचयातील २ ते ३ वर्षांच्या मुलाचे बोलणे, पालकांच्या संमतीने, अर्धा तास ऐका. त्याची वाक्ये जशीच्या तशी लिहून घ्या आणि त्यांतील ‘करलं’सारखी रूपे अधोरेखित करा.