दर्या आणि दऱ्या : फाईल प्रेसला देण्यापूर्वी



मासिकाचं काम निघालं की कव्हर कोण करणार यावर चढाओढ लागते. पण फाईल छपाईला तयार करून कोण देणार असं विचारलं, की सगळ्यांना नेमकी सबमिशन्स आठवतात! यंदा ते काम माझ्याकडे आलं. मी कॉन्व्हेंटमधली, त्यामुळे मराठी विभागात माझं नाव बघून काहींना हसू येईल. पण कोरलड्रॉ येतं म्हणून मला घेतलं. पानं अमरावतीला लागली, छपाई अकोल्याला. माझं घर अकोल्याचंच, म्हणून सुट्टीच्या दिवशी प्रेसमध्ये बसून जे शिकले ते इथे मांडते आहे. वेबसाईटवरची चूक रात्रीतून दुरुस्त होते. छापलेली चूक मात्र प्रत्येक प्रतीत तशीच राहते, म्हणून हे सगळं आधी बघायचं.

१) उजेड आणि शाई

स्क्रीन लाल, हिरवा, निळा अशा तीन उजेडांतून रंग दाखवते. त्याला आरजीबी म्हणतात. ऑफसेट मशीन निळसर सायन, गुलाबी मॅजेंटा, पिवळी आणि काळी अशा चार शायांनी छापते, ते सीएमवायके. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा किंवा गडद निळा रंग शाईत तसा निघत नाही, थोडा मळकट होतो. प्रेसचे काका मला म्हणाले, "पोरी, मले उजेड छापता येत नाई. शाईत काय निघते थेच पाहा." म्हणून फाईल सुरुवातीलाच सीएमवायकेमध्ये उघडा. शेवटच्या दिवशी बदललं तर सगळे रंग एकदम उतरतात आणि दुरुस्तीला वेळ उरत नाही.

२) काळा मजकूर फक्त काळ्या शाईत

१८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत चित्रांचा छापखाना काढला. तिथे प्रत्येक रंगाचा दगड वेगळा असे आणि एकच कागद पाळीपाळीने त्या दगडांवर छापला जाई. आज दगडाच्या जागी ॲल्युमिनियमची प्लेट आली, पण तत्त्व तेच. चार रंगांच्या चार प्लेटा एकमेकींवर नेमक्या बसल्या पाहिजेत. आरजीबीतला काळा सीएमवायकेमध्ये बदलला की बहुतेक वेळा तो चारही शायांचा मिळून बनतो. मग प्लेट केसभर जरी सरकली तरी शिरोरेखेच्या वर गुलाबी-निळी सावली दिसते. देवनागरीत शिरोरेखा ओळभर चालते, त्यामुळे हा दोष लगेच डोळ्यात भरतो. बारीक मजकुराला काळी शाई १०० टक्के आणि बाकीच्या तिन्ही शून्य ठेवा.

३) फोटोचे पिक्सेल

छपाईला एका इंचात ३०० पिक्सेल धरतात. ए-४ पान म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर, म्हणजे पूर्ण पानाच्या फोटोला २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो साधारण सव्वापाच इंचांपर्यंत चांगला येतो. त्याहून ताणला तर चेहरे धूसर होतात. नेटवरून छोटा फोटो घेऊन सॉफ्टवेअरमध्ये नुसता ३०० आकडा टाकला म्हणून खरा तपशील वाढत नाही. व्हॉट्सॲपवर साधा पाठवलेला फोटो लहान होऊन येतो, म्हणून मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून मागवा.

४) कडा आणि पानं

पान छापून झाल्यावर कापतात, आणि कटिंग थोडं इकडेतिकडे होतंच. रंग किंवा फोटो कडेपर्यंत न्यायचा असेल तर चारही बाजूंनी ३ मिलिमीटर बाहेर काढा. याला ब्लीड म्हणतात. मग ए-४ ची फाईल २१६ बाय ३०३ मिलिमीटर होते. उलट मजकूर आणि लोगो कडेपासून निदान ५ मिलिमीटर आत ठेवा. सेंटर पिनचं बाइंडिंग असेल तर पानांची संख्या ४ च्या पटीत हवी. ४६ पानं झाली तर दोन वाढवा नाहीतर दोन कमी करा.

५) आपलं मराठी अक्षर

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, कारण इंग्रजी विभागाला ही अडचण येतच नाही. मागच्या एका अंकात माझ्या मैत्रिणीची तिच्या बाबांवरची कविता आली होती. बाबा दर्यापूर तालुक्यात कापूस पिकवतात. कवितेत 'शेतकऱ्याचं' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, आणि छापताना प्रत्येक ठिकाणी तो 'शेतकर्याचं' झाला. तिच्या घरी मासिकाची मराठी पानंच वाचतात. तिने तो अंक घरी नेलाच नाही. तिने लिहून दिलेली कविता शुद्ध होती. बिघाड फाईलमध्ये झाला होता.

तो होतो कसा? कृतिदेव, श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेली असतात. प्रेसच्या कॉम्प्युटरवर तोच फॉन्ट नसला की कवितेच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ साली आली. तिच्यात देवनागरीला स्वतःचे कोड आहेत. पण जुना मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये नेताना 'ऱ्य' चा 'र्य' होऊ शकतो. युनिकोडमध्ये साधा र, हलन्त आणि य जोडले की 'सूर्य' मधला रफार मिळतो. 'शेतकऱ्या'साठी खाली टिंब असलेला ऱ वापरावा लागतो. दोन्हींचा फरक केवढा बघा : दऱ्या म्हणजे डोंगरातल्या, दर्या म्हणजे समुद्र. एका कोडच्या फरकाने चिखलदऱ्याला समुद्र येतो! आणि 'वऱ्हाड' हे आपलं स्वतःचं नावसुद्धा याच अक्षरावर अडतं.

दुसरं म्हणजे, सॉफ्टवेअरला युनिकोड समजलं पाहिजे. पेजमेकरची शेवटची मोठी आवृत्ती, ७.०, २००१ साली आली. तिला युनिकोड देवनागरी जमत नाही. म्हणून टाईप करण्याआधीच प्रेसला विचारा : तुमच्याकडे कोणतं सॉफ्टवेअर, कोणती आवृत्ती? नंतर ही ओळ त्यांच्या मशीनवर उघडून, छापून बघा :

'वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने विज्ञान शाखेच्या ॲडमिशनचा अर्ज चिखलदऱ्याला बसून लक्षपूर्वक लिहिला.'

यात ऱ्ह, ऱ्य, ज्ञ, ॲ, रफार आणि क्ष सगळे आहेत. ही ओळ नीट छापली गेली तर बरीचशी काळजी मिटली.

६) पीडीएफ आणि प्रूफ

शक्यतो फाईल पीडीएफ/एक्स-१ए या प्रकारात द्या. छपाईसाठीचं हे आयएसओ मानक २००१ चं आहे. त्यात सगळे फॉन्ट फाईलच्या आतच असावे लागतात आणि आरजीबी रंग चालत नाही. कोरलड्रॉची फाईलच मागितली तर कंट्रोल आणि क्यू दाबून अक्षरांचे कर्व्ह करा, म्हणजे फॉन्टची गरज उरत नाही. मात्र कर्व्ह केल्यावर एक वेलांटीही टाईप करून सुधारता येत नाही. म्हणून आधी प्रूफ वाचा, मूळ फाईल वेगळी सेव्ह करा आणि मग कर्व्ह करा.

प्रूफ प्रेसच्याच मशीनवरून कागदावर काढलेलं हवं, आणि ज्याने पान लावलं त्याने एकट्याने ते वाचू नये. त्याला काय लिहिलंय ते पाठ असतं, त्यामुळे चूक दिसत नाही. मला मराठी भरभर वाचता येत नाही, एकेक अक्षर बघत जावं लागतं. प्रूफाच्या कामाला ते बरंच पडलं!

पुढच्या वर्षी हे काम ज्यांच्याकडे येईल त्यांनी निदान दोन दिवस फक्त प्रूफासाठी राखून ठेवावेत, आणि ज्याची कविता किंवा लेख आहे त्यालाच शेवटचं प्रूफ दाखवून सही घ्यावी. पानं ऑर्डरला गेली की मग फक्त वाट बघायची असते.