नारू गेला, पण गेला कसा?

संध्याकाळची जेवणे उरकली. शाळेच्या पडवीत वर्ग भरला. नाशिक जिल्ह्यातल्या एका कोरडवाहू गावचा हा वर्ग. बाया पुढे बसल्या, बाप्ये मागे. गुरुजींनी फळ्यावर एकच शब्द लिहिला : नारू.

"वाचा बरे," गुरुजी म्हणाले.

"ना-रू," सगळ्यांनी वाचले. तरुण पोरे एकमेकांकडे बघून हसली. हा काय प्रकार आहे, ते त्यांना ठाऊक नव्हते.

मागे बसलेले आजोबा मात्र हसले नाहीत. त्यांनी धोतर वर सारले. घोट्याच्या वर एक जुना वण होता.

"हा बघा नारू," ते म्हणाले. "मी बारा-तेरा वर्षांचा होतो. आधी पायाला फोड आला. नुसती आग आग झाली. मग फोड फुटला आणि आतून दोऱ्यासारखा किडा डोकावू लागला. आईने तो काडीला गुंडाळला. रोज बोटभर ओढायचा, जास्त नाही. तुटला तर पाय पिकायचा. दीड महिना मी बाजेवर होतो. तेव्हाच बापालाही नारू निघाला. पेरणीची वेळ, आणि घरात दोन माणसे बाजेवर! त्या साली आमचे रान पडीक राहिले."

पडवीत कोणी बोलेना.

"आजोबा, आता हा नारू कुठे दिसतो का?" गुरुजींनी विचारले.

"छे! कित्येक वर्षांत पाहिला नाही."

"मग तो आपोआप गेला, की कोणी घालविला? आजचा धडा त्याचाच आहे."

नारू पोटात कसा जाई?

जुन्या काळी पुष्कळ गावांत पायऱ्यांची विहीर असे. तिला आपण बारव म्हणतो. माणसे पायऱ्या उतरून पाण्यात उभी राहत आणि घागर भरत. नारूच्या फोडाची आग होई. गार पाण्यात पाय बुडविला की बरे वाटे. पण पाय पाण्यात गेला की किडा आपली हजारो पिल्ले पाण्यात सोडी.

ही पिल्ले डोळ्यांना दिसत नाहीत. पाण्यात बारीक पिसवेसारखे जीव असतात. ते ही पिल्ले गिळत. तेच पाणी माणूस पिई. पिसू पोटात मरे, पण नारूचे पिल्लू जगे आणि अंगात वाढू लागे. सुमारे वर्षाने हातभर लांबीचा किडा, बहुतेक वेळा पायातून, बाहेर पडे.

म्हणजे यंदा पाणी प्यायचे आणि पुढच्या साली दुखणे यायचे. मग पाण्याचा संशय येणार कसा? लोक म्हणत, नशिबाचा भोग आहे.

या रोगावर लस नव्हती. किडा मारणारे औषधही नव्हते. एकदा नारू होऊन गेला तरी पुन्हा होई. देवी गेल्या त्या लस टोचून. नारूला कशाने अडवायचे?

दिल्लीची संस्था

आपल्या देशात साथीच्या रोगांवर नजर ठेवणारी एक मोठी सरकारी संस्था आहे. तिची सुरुवात १९०९ साली कसौलीला हिवतापाच्या अभ्यासासाठी झाली. १९३८ साली ती दिल्लीला आली. १९६३ साली तिच्याकडे सगळ्याच संसर्गजन्य रोगांचे काम आले. २००९ सालापासून तिला राष्ट्रीय रोग नियंत्रण केंद्र म्हणतात.

हा काही दवाखाना नव्हे. रोग कुठे आहे, कशाने पसरतो आणि कुठे अडवावा, हे शोधणे तिचे काम. ती नमुने तपासते आणि राज्यांच्या डॉक्टरांना शिकविते.

नारू देशातून घालवायची मोहीम १९८३-८४ साली निघाली. तिची सूत्रे या संस्थेकडे होती. सात राज्यांत नारू होता. त्यांत आपला महाराष्ट्रही होता. १९८४ साली देशात सुमारे ४०,००० रोगी मोजले गेले.

माणसे शोधली, पाणी राखले

पहिले काम मोजणीचे. आरोग्य कामगार घरोघर गेले. हातात नारूचे चित्र. "असे कोणाला झाले आहे का?" असे ते विचारीत. चित्र पाहून अडाणी माणूसही ओळखे. कोणत्या गावात किती रोगी, ते कागदावर आले. मग कुठे आधी जायचे ते ठरले.

दुसरे काम रोग्याचे. जखम बांधायची आणि त्याला समजवायचे, "बाबा, पाण्यात पाय घालू नको. तुझे पाणी दुसऱ्याने भरून दे असे सांग."

तिसरे काम पाण्याचे. बारवेच्या पायऱ्या बंद केल्या, कठडा बांधला आणि रहाट बसविला. कुठे हातपंप आले. पाण्यातले पिसू मारायला औषध टाकले. घरोघरच्या बायांना सांगितले, पाणी दाट कापडाने गाळा. पिसू कापडावर अडकला की नारूही अडकला.

बघा, शोध मोठ्या संस्थेचा, पण घाव घातला घरच्या बाईच्या गाळण्याने! तिने पाणी गाळले नसते तर दिल्लीचा कागद कागदच राहिला असता.

शेवटचा रोगी १९९६ साली राजस्थानात सापडला. तरी काम थांबले नाही. रोगी नसतानाही तीन वर्षांहून अधिक काळ शोध चालू ठेवला. नारूची नुसती वदंता आली तरी माणूस जाऊन पाहून येई. मग २००० साली जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे जाहीर केले.

दिल्ली कशाला हवी?

एका तरुणाने विचारले, "गुरुजी, गाव आपले, पाणी आपले. यात दिल्लीचे काय काम?"

गुरुजी म्हणाले, "आपली गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते. ती नाशिकला थांबते का? ती नांदेड ओलांडून तेलंगणात जाते आणि पुढे समुद्राला मिळते. रोगही असाच. त्याला तालुक्याची शीव कळत नाही.

"सिंहस्थाचे बघा. लाखो माणसे रामकुंडावर येतात. दोन दिवसांनी आपापल्या गावी जातात. कोणाला इथे रोग जडला, तर तो उठणार कदाचित बिहारात किंवा कर्नाटकात. तिथल्या डॉक्टरला चार रोगी दिसतील आणि इथल्याला एकही दिसणार नाही. सगळ्या गावांच्या बातम्या एकत्र ठेवणारा कोणी असला, तरच ताळा जुळतो. त्यासाठी २००४ साली देशात रोगांच्या पाहणीची योजना सुरू झाली. महाराष्ट्र पहिल्या टप्प्यातच तीत आला. गावची बातमी आरोग्य केंद्राला, केंद्राची जिल्ह्याला, जिल्ह्याची राज्याला आणि राज्याची दिल्लीला, अशी साखळी आहे."

"आणि साखळीची पहिली कडी?"

"ती या पडवीत बसली आहे," गुरुजी म्हणाले.

वहिनींचा प्रश्न

तेव्हा पुढे बसलेल्या एक वहिनी चुळबुळल्या. पदर सावरीत म्हणाल्या, "गुरुजी, आमच्या वस्तीत कालपासून सहा पोरांना जुलाब लागलेत. माझ्या धाकटीलाही. पण घरच्यांनी बजावलंय, कोणाला बोलू नको. वस्तीचं नाव खराब होतं. लोक म्हणतील, यांचं पाणीच घाण."

"वहिनी, नाव खराब झाले तर उद्या सुधारेल. लेकरू गेले तर परत येणार आहे का?" गुरुजी म्हणाले. "आताच आशाताईकडे चला."

आजोबाही काठी टेकीत उठले. "माझ्या बापाने नारू लपविला होता," ते म्हणाले. "लपवून पाय वाचला नाही. चला, मीही येतो."

आशाताईने त्याच रात्री घरोघर क्षारसंजीवनीची पाकिटे दिली. एक पाकीट एक लिटर स्वच्छ पाण्यात कसे विरघळवायचे ते दाखविले. आईचे दूध बंद करू नका, असेही बजावले. एक मूल फार मलूल झाले होते, डोळे खोल गेले होते. त्याला लगेच आरोग्य केंद्रात नेले.

सकाळी नर्सबाई आल्या. त्यांनी पाणी तपासायला बाटलीत घेतले. नळाची वाट पाहत पाहत त्या गटारापाशी पोचल्या. तिथे नळ फुटला होता आणि गटाराचे पाणी आत शिरत होते. ग्रामपंचायतीने तो जोडला. टाकीत ब्लिचिंग पावडर टाकली. तोवर वस्तीने पाणी उकळून प्यायचे ठरले. चार दिवसांत पोरे अंगणात खेळू लागली. मलूल झालेले मूलही परत आले.

त्या आठवड्याच्या कागदावर या वस्तीच्या नावापुढे सहाचा आकडा गेला. आकडा लहानच. पण तो लिहिला गेला.

ध्यानात ठेवा

१. एकाच वस्तीत एकाच वेळी दोन-चार जणांना ताप, जुलाब किंवा कावीळ झाली, तर त्याच दिवशी आशाताईला किंवा नर्सबाईला सांगा.

२. कापडाने गाळून नारूचा पिसू अडतो. जुलाबाचे जंतू अडत नाहीत. त्यासाठी पाणी उकळा किंवा औषध टाकलेले पाणी प्या.

३. जुलाब झालेल्या मुलाचे पाणी तोडू नका. क्षारसंजीवनी थोडी थोडी पाजत राहा.

४. रोग लपविल्याने रोगाचेच फावते.

सांगा पाहू

१. नारूवर औषध नव्हते. मग तो कसा गेला?

२. शेवटचा रोगी सापडल्यावरही शोध का चालू ठेवला?

३. तुमच्या वस्तीच्या आशाताईचे घर कुठे आहे? रात्री जायची वेळ आली तर सापडेल का?